प्रतिवादी क्रमांक एक

महाडच्या दिवाणी कोर्टात १२ डिसेंबर १९२७ ला एक दावा दाखल झाला. वादी गावातले सवर्ण हिंदू. मागणी अशी, की चवदार तळे आमचे आहे, त्याचे पाणी वापरण्याचा हक्क आमचा एकट्यांचा आहे असे कोर्टाने जाहीर करावे आणि अस्पृश्यांना तिथे येण्यास कायमची मनाई करावी. प्रतिवादींमध्ये पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. दोनच दिवसांत, १४ तारखेला, तात्पुरता मनाईहुकूम निघालासुद्धा. दुसऱ्या बाजूला बोलावून तिचे म्हणणे ऐकण्याआधी.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा २० मार्च १९२७ आपल्याला पाठ असतो. त्याच वर्षीचा, मनुस्मृती दहनाचा २५ डिसेंबरही. शाळेच्या पुस्तकातून मग एकदम उडी बसते ती पुणे करारावर आणि तिथून थेट घटना समितीवर. मधली वर्षे दाव्यांची, बिलांची, दुरुस्त्यांची आणि तारखांवर पडत गेलेल्या तारखांची. त्यांच्यावर गाणी नाहीत, मिरवणुका नाहीत. मला मात्र बाबासाहेबांमधला वकील आणि आमदार या रुक्ष कागदांतच सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

वकिली सुरू झाली १९२३ मध्ये. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला मुंबई हायकोर्टात उभे राहायला सनद लागते आणि सनदेला पैसे. ते मित्र नवल भाथेना यांनी दिले. पुढची अडचण पैशांपेक्षा मोठी होती. हायकोर्टाचे दोन भाग होते. मूळ शाखेत मुंबई शहरातले व्यापारी, गिरणीमालक, जहाज कंपन्या यांचे मोठ्या रकमांचे दावे चालत. तिथे पक्षकार सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर बॅरिस्टर निवडून त्याच्या हाती ब्रीफ, म्हणजे खटल्याचे काम, देई. म्हणजे सॉलिसिटरच्या मनात नसेल तर बॅरिस्टरला कामच नाही, मग तो कितीही हुशार असो. या साखळीत महार बॅरिस्टरला कोण घेणार? अपिलाच्या शाखेत मोफसलचा, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतला, पक्षकार किंवा तालुक्याचा वकील सरळ गाठता येई. आंबेडकरांची वकिली त्यामुळे अपिलांवर आणि जिल्हा कोर्टांवर उभी राहिली. फी बेताची, प्रवास फार. जोडीला १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे, १९२८ ला सरकारी लॉ कॉलेजात तात्पुरते अध्यापन. त्याच कॉलेजाचे ते १९३५ मध्ये प्राचार्य झाले. परळच्या दामोदर हॉलमधल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कचेरीत येणारे पक्षकार बहुतेक गिरणीतले आणि गावाकडून आलेले. शहरातल्या बड्या बॅरिस्टरांच्या नजरेला जे कधी पडत नसे ते या पक्षकारांच्या कागदांत होते: गावच्या वंशपरंपरागत चाकरीपोटी मिळालेली वतनाची जमीन, सुगीला मिळायच्या बलुत्याची अडवणूक, कोकणातल्या खोताची, म्हणजे साऱ्याच्या वसूलदाराची, वेठ. पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात आंबेडकरांनी मांडलेली बिले पाहिली की वाटते, सॉलिसिटरांनी पाठ फिरवली हे एका अर्थी कोकणच्या कुळांच्या पथ्यावरच पडले.

आता तळ्याकडे परत. दावा समजायला चार वर्षे मागे जावे लागते. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने मंजूर केला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सप्टेंबरमध्ये सरकारने तसे आदेश खात्यांना पाठवले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपली हरकत नसल्याचे ठरवले. ऐकायला छान. पण कौन्सिलचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती शिफारस. मोडली तर शिक्षा नाही, पाळली नाही तर दंड नाही. म्हणून तर बोले यांना १९२६ मध्ये पुन्हा उभे राहून, न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान थांबवा, असा दुसरा ठराव आणावा लागला. महाडचा ठरावही तीन वर्षे कागदावरच होता. २० मार्चला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग दंगा झाला, १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. हा योगायोग कुणाच्या ध्यानात होता की नाही कोण जाणे.

डिसेंबरात सत्याग्रह ठरलेला, हजारो माणसे महाडला निघालेली, आणि नेमका हा मनाईहुकूम. इथे वकील आणि पुढारी एकाच माणसात समोरासमोर आले. हुकूम मोडायचा तर लढाईची बाजू बदलते. तोवर भांडण सवर्ण आणि अस्पृश्य यांचे होते आणि सरकार निदान कागदावर अस्पृश्यांच्या बाजूला होते. हुकूम मोडताच समोर सरकार येते, तुरुंगात गिरणी कामगार आणि शेतमजूर जातात, आणि सनातनी मंडळी काठावर बसून मजा पाहतात. शिवाय मनाईहुकूम तात्पुरता होता आणि एकतर्फी होता. असा हुकूम दुसरी बाजू ऐकल्यावर उठू शकतो हे बॅरिस्टरला ठाऊक. परिषदेत लोक मागे हटायला तयार नव्हते. नावे नोंदवून तुरुंगात जायची तयारी करून आलेले ते. त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब झाला, तळ्याभोवती मिरवणूक काढली गेली, पाण्याला कुणी हात लावला नाही. २३ फेब्रुवारी १९२८ ला तात्पुरती मनाई उठली. त्या दोन महिन्यांच्या संयमाला भित्रेपणा म्हणणारे तेव्हाही होते. मला तो त्यांच्या वकिलीतला सगळ्यांत अवघड निर्णय वाटतो, कारण तो पक्षकाराच्या मनाविरुद्ध होता आणि पक्षकार म्हणजे समोर बसलेली हजारो माणसे होती.

मनाई उठली तरी दावा उभाच होता. त्याची रचना बघण्यासारखी आहे. वाद्यांनी तो सर्व सवर्णांच्या वतीने, सर्व अस्पृश्यांविरुद्ध लावला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत अशी सोय आहे: दोन्हीकडे माणसे अगणित असतील तर काहींनी सगळ्यांच्या वतीने दावा चालवायचा, निकाल सगळ्यांना बांधील. वाद्यांचा हेतू उघड होता. चार माणसांवर हुकूम मिळवला की अख्ख्या समाजावर बसतो. पण हे हत्यार दुधारी. दावा हरला तर तोही सगळ्या सवर्णांच्या वतीने हरला. आणि ज्या नगरपालिकेच्या ताब्यात तळे होते तिलाच त्यांनी पक्षकार केले नव्हते. मालकीचा मुद्दा त्यामुळे पहिल्यापासून लंगडा. पुढे तो त्यांनी जोर लावून चालवलाही नाही. तळे नगरपालिकेचे, असे खालच्या दोन्ही कोर्टांनी ठरवले.

उरला प्रश्न रूढीचा. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती पुरातन असली पाहिजे, अखंड चालत आलेली, निश्चित आणि वाजवी असली पाहिजे. इंग्लंडात पुरातनची रेघ ११८९ या वर्षावर मारलेली. हिंदुस्थानातली कोर्टे इतकी काटेकोर नव्हती, पण ‘माणसाच्या आठवणीच्या पलीकडची’ हे त्यांनाही लागे. आणि हे सगळे शाबीत करण्याचा बोजा रूढी सांगणाऱ्यावर. म्हणजे आंबेडकरांना, अस्पृश्यता अन्यायाची आहे, हे कोर्टात सिद्ध करायचे नव्हतेच. त्यांना फक्त वाद्यांचा पुरावा त्या रेघेच्या अलीकडे रोखून धरायचा होता.

महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये वेगळाच रस्ता धरला. रूढी जुनी आहे हे मान्य, पण सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही. दावा फेटाळला. ठाण्याच्या अपिली कोर्टाने १९३३ मध्ये अपील फेटाळले, पण कारण बदलले: रूढी पुरातन असल्याचेच शाबीत झालेले नाही. मग मुंबई हायकोर्ट. निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला सेशन्स जज्ज असताना त्यांनी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली होती.

त्या निकालातले तळ्याचे वर्णन एखाद्या सर्व्हेअरने केल्यासारखे आहे. चार ते पाच एकरांचे तळे. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे, थोडी मुसलमानांची. काठाच्या जागेच्या पट्ट्या, घाट, पायऱ्या, दगडी बांध यांतले पुष्कळसे त्या घरमालकांचे. अस्पृश्यांची वस्ती जवळपास नाही. वय किती सांगता येत नाही, निदान अडीचशे वर्षे. या वर्णनातूनच निकालाचा धागा निघतो. एवढे मोठे, उघडे पाणी. त्याच्यावर फक्त आपलाच हक्क असावा असे कुणाला कधी वाटले असेल? तळ्याभोवती सवर्णांची घरे दाटण्याआधी तसा प्रयत्न झाला असेल हे संशयास्पदच. आणि घरे काही अनादि काळापासूनची नाहीत. मंदिरप्रवेशाच्या खटल्यांत जुना वापर पाहून पुरातन रूढीचे अनुमान काढता येई, कारण देऊळ कुणीतरी कुणासाठी तरी बांधलेले असते. तळ्याला हे लागू पडत नाही. अस्पृश्य पाणी भरत नव्हते हे खरे. पण न भरणे आणि भरण्यापासून हक्काने रोखले जाणे यांत अंतर आहे. ते अंतर वाद्यांना बुजवता आले नाही.

तारीख १७ मार्च १९३७. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी.

निकालाची शेवटची बाजू सहसा सांगितली जात नाही. रूढी शाबीत झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहितविरोधी आहे का, याचा कदाचित विचार करावा लागला असता, एवढे म्हणून हायकोर्ट थांबले. शिवाय तो मुद्दा खालच्या कोर्टांत रीतसर घेतलेलाच नव्हता, ही नोंद केली. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हायकोर्टाने, अस्पृश्यता बेकायदा आहे, असे त्या दिवशी म्हटले नाही. पुरावा कमी पडला, इतकेच म्हटले. कुठल्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या विहिरीवर, चांगला पुरावा आणणारे वादी जिंकूही शकले असते. दहा वर्षे लढून मिळालेल्या विजयातली ही फट आंबेडकरांइतकी कुणाला दिसली असेल? तेरा वर्षांनी राज्यघटनेत विहिरी, तळी, स्नानाचे घाट हे शब्द नावानिशी आले, कलम १५ मध्ये. कलम १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. या दोन कलमांकडे मी महाडच्या दाव्याची तळटीप म्हणून पाहतो. इतिहासकारांना हे घाईचे वाटेल.

कौन्सिलातले काम याच वर्षांत समांतर चालले होते. गव्हर्नरने नेमलेले सभासद म्हणून फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली. दलित वर्गाचे नेमलेले दुसरे सभासद डॉ. पुरुषोत्तम सोळंकी. नेमणूक सरकारची आणि भांडण सरकारशीच, असा हा प्रकार. २८ जुलै १९२८ ला गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. ते १९२९ मध्ये कायदा झाले. त्याआधी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, लहान शेतांचे तुकडे एकत्र करण्याच्या सरकारी बिलाला विरोध केला. पण त्यांचे स्वतःचे बिल म्हणजे १९ मार्च १९२८ चे, महार वतनाचे. इथे जरा थांबतो, कारण वतन म्हणजे काय हे आज वतनाच्या जमिनी विकणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही.

१८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा. त्यात पाटील, कुलकर्ण्यांबरोबर महारही वतनदार. पाटलाचे वतन मानाचे, महाराचे राबण्याचे. काम काय याची यादीच कुठे नाही. टपाल नेणे, सारा तालुक्याला पोचवणे, गावची शीव दाखवणे, मेल्याची वर्दी देणे, साहेब आला की सरपण आणि गवत आणणे. वेळ दिवसरात्र. आणि नेमलेला महार आजारी किंवा परगावी असेल तर घरातल्या कुणालाही धरून नेत. काम एकाचे नसून घराण्याचे, म्हणून. मोबदला तीन तुकड्यांत: थोडी इनाम जमीन, तिच्यावर पूर्ण साऱ्याऐवजी जुडी, म्हणजे कमी केलेला सारा, काही ठिकाणी किरकोळ रोख, आणि बाकी सगळे बलुते, म्हणजे रयतेने सुगीला द्यायची पेंढी आणि धान्य.

दुखणे या तिसऱ्या तुकड्यात. काम सरकारचे, पगार रयतेकडून. महाराने मेलेले ढोर ओढायला नकार दिला, मुलगा शाळेत घातला, बायकोने नवे लुगडे नेसले, की गाव बलुते बंद करी. सरकार म्हणे तो तुमचा आणि गावाचा प्रश्न. काम मात्र थांबवता येत नसे, ते सरकारचे. शिवाय जमीन पिढ्यापिढ्यांत वाटली जाऊन एकेकाच्या वाट्याला काही गुंठे उरलेले. तेवढ्यासाठी अख्खे घराणे बांधलेले. बिलाचा गाभा सरळ होता. ज्या वतनदारांना सुटायचे असेल त्यांना सुटू द्या: जमीन त्यांच्याकडे राहील, ते इतर रयतेसारखा पूर्ण सारा भरतील आणि चाकरी संपेल. बलुत्याच्या जागी पैशातला कर, साऱ्याबरोबर सरकारने वसूल करून महारांना द्यावा. जे चाकरीत राहतील त्यांची कामे लिहून ठरवून द्यावी.

खासगी बिलाचा रस्ता लांब. आधी मांडायची परवानगी, मग पहिले वाचन, तत्त्वावर चर्चा, निवड समिती, तिथून परत येऊन कलमवार दुसरे वाचन, तिसरे, मग गव्हर्नर, मग गव्हर्नर जनरल. महसूल खात्याला बिल नको होते आणि कारण खर्चाचे होते: महार सुटले तर गावोगाव पगारी माणसे नेमावी लागतील. पहिल्या वाचनाच्या वेळी आंबेडकरांनी, बिल पडले तर महसूल खात्याशी आपले युद्ध जुंपेल, अशा अर्थाचा इशारा दिला. बिल निवड समितीत गेले. अशा समितीत बिल मारत नाहीत, पातळ करतात. जे परत आले त्यात सुटकेचा अर्थ उरला नव्हता, म्हणून जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते स्वतःच मागे घेतले. स्वतःचे बिल मागे घेणे हाही आमदाराच्या हातातला एक डाव असतो. कमकुवत कायदा झाला असता तर पुढची वीस वर्षे प्रत्येक तक्रारीला, कायदा केला आहे ना, हे उत्तर मिळाले असते.

१९३७ मध्ये ते आता निवडून आलेले, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते. १७ सप्टेंबरला त्यांनी वतनाचे बिल पुन्हा आणले आणि सोबत खोती रद्द करण्याचे. त्यांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, खोतीच्याच मुलखात. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसूलदार. रत्नागिरीत धारेकरी फक्त सारा भरी, दीडपटकरी आणि दुपटकरी त्याच्या पटीत, आणि सगळ्यांच्या तळाशी अर्धेली, निम्मे भात खोताला देणारा. पीक उभे असताना खोताची माणसे शेतात येऊन अंदाज बांधीत, त्याला अभावणी म्हणत. अंदाज चढा बांधला की निम्म्याचे साठ टक्के व्हायला वेळ लागत नसे. वर आठवेठ, आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट. १८८० च्या खोती कायद्याने १८४५ पासून सलग कसणाऱ्या कुळांना संरक्षण दिले होते, पण सलग कसल्याचा पुरावा आणायचा कुणी? ज्याच्याकडे पावतीच नाही त्याने. महाडच्या दाव्यात पुराव्याचा बोजा बलवानांवर होता म्हणून दुबळे वाचले. खोतीत तो दुबळ्यांवर होता.

बिल सांगत होते, खोताला वाजवी भरपाई द्या आणि कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्यातला कब्जेदार करा. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते तसे कुणबी, आगरीही होते, आणि हे त्या मोर्चाचे मला सर्वांत महत्त्वाचे अंग वाटते. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने बिल पुढे सरकू दिले नाही. १९३९ मध्ये मंत्रिमंडळ गेले.

खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने, १९५० पासून. महार वतन १ ऑगस्ट १९५९ ला गेले, बाबासाहेबांच्या निधनानंतर सुमारे पावणेतीन वर्षांनी. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर, आणि विकायच्या तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती घेतली नाही, सरकारला द्यायचा नजराणा भरला नाही, की व्यवहार बुडतो. आजही कुठल्या तरी तलाठी कार्यालयात सातबारा उघडला की भोगवटादार वर्ग २ च्या पुढे, इतर हक्कांच्या रकान्यात, ‘महार वतन’ हे दोन शब्द वाचायला मिळतात.